फॉर्म भरणाऱ्याचा अंगठा: ऑनलाइन सर्व्हेत खरी उत्तरं मिळतील असे प्रश्न कसे मांडायचे

तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं एक सार्वजनिक वाचनालय. कार्यकारिणीनं सभासदांची मतं घ्यायची म्हणून गूगल फॉर्म काढला आणि व्हॉट्सॲपवर सोडून दिला. एकूण ३४ प्रश्न. त्यातला एक असा: ‘वाचनालयाचा ग्रंथसंग्रह व कर्मचाऱ्यांची सेवा याबाबत आपण समाधानी आहात काय?’ जवळपास सगळ्यांनी ‘समाधानी’वर बोट ठेवलं. कार्यकारिणी खूश झाली, पण वर्गणी थकवून गळून जाणारे सभासद काही थांबेनात. मग जमलेल्या उत्तरांची शीट माझ्याकडे आली.

शीट वाचायला फार वेळ लागला नाही. कितीतरी ओळींत पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्या क्रमांकाचाच पर्याय. ‘आपल्या सूचना’ या रकान्यात टिंब, नुसतं टिंब, कारण तो प्रश्न सक्तीचा होता आणि काहीतरी टाइप केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. यातलं कुणी खोटं बोललं होतं असं मला वाटत नाही. लोकांना तो फॉर्म एकदाचा संपवायचा होता, बस.

जॉन क्रॉस्निक या अमेरिकन अभ्यासकानं १९९१ मध्ये या वागण्याची नीट मांडणी केली. मूळ कल्पना हर्बर्ट सायमन यांची. माणूस दरवेळी सर्वांत अचूक उत्तर शोधत बसत नाही, चालून जाईल असं पहिलं उत्तर मिळालं की थांबतो. आपल्याकडे याला ‘भागवून नेणं’ म्हणतात. क्रॉस्निकच्या मते प्रश्न जितका अवघड, उत्तर देणाऱ्याची तयारी जितकी कमी आणि त्याला त्यात रस जितका कमी, तितकं हे भागवणं वाढतं. पहिली गोष्ट तर पूर्णपणे आपल्या हातात असते आणि तिसरीही बऱ्यापैकी. म्हणून फॉर्म बनवताना डोळ्यांसमोर आणायचा तो एसटीत उभा असलेला माणूस. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात फोन, आणि उत्तर देणार तो अंगठा.

आधी निर्णय लिहा, मग प्रश्न

बहुतेक फॉर्म ‘हेही विचारून टाकू’ या एका वाक्यामुळे बिघडतात. कार्यकारिणीत सात जण असले की प्रत्येकाचे पाच प्रश्न होतात.

एक कोरा कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. डावीकडे प्रश्न. उजवीकडे, उत्तर असं आलं तर काय करणार आणि तसं आलं तर काय करणार. उजवा रकाना भरता आला नाही, तर तो प्रश्न काढून टाका. ‘आपला आवडता लेखक कोण?’ या प्रश्नापुढे कुणालाच काही लिहिता आलं नाही, कारण पुस्तकखरेदी त्यावरून होणारच नव्हती. सभासद क्रमांक, पत्ता आणि वय तर वाचनालयाच्या नोंदवहीत आधीच होतं. या एका कागदानं ३४ प्रश्नांचे ११ झाले, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या सुधारणा एकत्र केल्या तरी त्यांची किंमत एवढी नाही.

लांबीबद्दल मिर्ता गालेशिच आणि मिखाएल बोस्नियाक यांचा २००९ मधला प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी लोकांना सुरुवातीलाच १०, २० किंवा ३० मिनिटं लागतील असं सांगितलं. सांगितलेली वेळ जितकी जास्त, तितके सुरुवात करणारे आणि शेवटपर्यंत टिकणारे कमी झाले. शिवाय तोच प्रश्न फॉर्मच्या शेवटाकडे आला की उत्तरं जास्त झटपट, जास्त तुटक आणि जास्त एकसारखी आली. म्हणजे लांब फॉर्मचा तोटा सोडून गेलेल्यांपुरता नसतो. जे थांबले त्यांचीही उत्तरं पातळ होतात.

लिंक पोचतेय कुणापर्यंत?

हा मुद्दा थोडक्यात, पण टाळू नका. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या तिथल्या साप्ताहिकानं लोकांचा कल विचारणाऱ्या सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून लँडन हे उमेदवार जिंकणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांवरून जमवलेले होते आणि परत पाठवणारेही सगळ्यांसारखे नव्हते. उत्तरांचा ढीग मोठा असला म्हणून सुटलेली माणसं भरून निघत नाहीत.

वाचनालयाचंही तेच झालं होतं. वर्गणी थकलेल्यांना ग्रुपमधून काढून टाकायची तिथं पद्धत होती. म्हणजे सभासद का गळतात हे विचारणारा फॉर्म गळालेल्यांपर्यंत गेलाच नव्हता! त्यांना फोन करावे लागले. ते काम ग्रंथपालबाईंनी दुपारच्या निवांत वेळात बसून केलं.

शब्द: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची. ‘ग्रंथसंग्रह व सेवा’ यात दोन आहेत. पुस्तकं जुनाट पण ग्रंथपालबाई फार चांगल्या, असं ज्याला वाटतं त्यानं काय निवडायचं? तो बाईंकडे बघून ‘समाधानी’ म्हणतो. ‘व’, ‘आणि’, ‘तसेच’ हे शब्द प्रश्नात दिसले की थांबून पुन्हा वाचा.

शब्द बदलला की उत्तर किती बदलतं याचं जुनं उदाहरण डोनाल्ड रग यांचं आहे, १९४१ मध्ये छापलेलं. लोकशाहीविरोधी भाषणांवर अमेरिकेनं बंदी घालावी का, असं काही लोकांना विचारलं. अशा भाषणांना परवानगी द्यावी का, असं दुसऱ्या गटाला विचारलं. मत न देणारे वगळले तर पहिल्या गटात ५४ टक्के ‘बंदी घाला’ म्हणाले आणि दुसऱ्यात ७५ टक्के ‘परवानगी देऊ नका’ म्हणाले. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच, पण ‘बंदी’ हा शब्द उच्चारायला जड जातो.

आता आपल्या मराठीतल्या खाचाखोचा. इंग्रजी नमुन्यांवरून फॉर्म उतरवणारे नेमके इथेच अडकतात.

‘वाचनालयाची वेळ तुम्हाला सोयीची नाही असं वाटतं का?’ याला एक जण ‘नाही’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘नाही हो, सोयीची नाहीच.’ दुसराही ‘नाही’ म्हणतो, पण त्याचा अर्थ ‘तसं काही वाटत नाही.’ समोरासमोर बोलताना मान आणि सूर यांवरून कळतं. शीटमध्ये दोघेही एकाच रकान्यात जाऊन पडतात. नकारार्थी प्रश्न मराठीत विचारूच नका, सरळ ‘वाचनालयाची सध्याची वेळ तुम्हाला जमते का?’ असं विचारा.

‘बरं’ आणि ‘ठीक’ हे तर पक्के फसवे. चांगलं, बरं, वाईट अशी मोजपट्टी दिली की कुणासाठी ‘बरं’ म्हणजे चांगलंच असतं आणि कुणासाठी तोंडदेखलं केलेलं कौतुक. त्याऐवजी ‘खूप चांगली, चांगली, ना चांगली ना वाईट, वाईट, खूप वाईट’ अशी पायरी उघड दिसू द्या. भाषा ओबडधोबड वाटली तरी चालेल.

पर्यायांत क्रियापद आलं की लिंग येतं. ‘मी रोज येतो’ असा पर्याय वाचून बाई क्षणभर अडखळतात, आणि तो फॉर्म आपल्यासाठी नाही हे त्यांना न सांगता कळतं. ‘येतो/येते’ अशा तिरक्या रेघा मारण्यापेक्षा नुसतं ‘रोज’, ‘आठवड्यातून एकदा’ एवढं पुरतं.

‘कुटुंबात किती माणसं?’ हा साधा प्रश्न नाही. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा धरायचा का? वेगळी चूल मांडलेला भाऊ? (जुन्या बोलीत ‘कुटुंब’ म्हणजे बायको, ते वेगळंच.) जनगणना आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण यांनी हा तिढा स्वयंपाकघरावरून सोडवला आहे. एकत्र राहणारे आणि सामाईक स्वयंपाकघरात जेवणारे ते एक घर. तुम्हीही प्रश्न असाच ठेवा: ‘तुमच्या घरी एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारे किती जण?’

आणि काळ. ‘गेल्या वर्षी’ म्हणजे जानेवारीपासून, एप्रिलपासून, की शाळा सुरू झाल्यापासून? शेतकऱ्याला विचाराल तर आणखी वेगळं. आठवणीत घटना पुढेमागे सरकतात हे तर आहेच. १९८३ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मार्बर्गर यांनी ‘गेल्या सहा महिन्यांत’ऐवजी ‘सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यापासून’ असं विचारून पाहिलं. तेव्हा जुन्या घटना अलीकडच्या म्हणून सांगणं कमी झालं. आपल्याकडे तर अशा खुणांची रेलचेल आहे. ‘गणपतीपासून आजपर्यंत किती पुस्तकं घरी नेलीत?’ असं विचारलं की माणूस आठवायला लागतो. ‘सरासरी दरमहा किती?’ विचारलं की तो अंदाजानं पाच किंवा दहा म्हणतो.

पर्याय मांडताना

लोक यादीतूनच निवडतात, यादीबाहेर सहसा जात नाहीत. शूमन आणि प्रेसर यांनी १९८१ मध्ये नोंदवलेला आकडा बघा. मुलांनी आयुष्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय शिकावं या प्रश्नाला, यादीत ‘स्वतः विचार करणं’ हा पर्याय असताना ६१.५ टक्के लोकांनी तो निवडला. यादी न देता मोकळं विचारलं तेव्हा तसं म्हणणारे निघाले ४.६ टक्के. शेवटी ‘इतर’ टाकलं की झालं, असं समजू नका, ‘इतर’मध्ये लिहायचे कष्ट फार थोडे घेतात. आधी दहा-बारा जणांशी बोला, त्यांच्याच तोंडचे शब्द टिपून घ्या आणि त्यांतून यादी करा.

आकड्यांच्या पट्ट्यांनाही स्वतःचं बोलणं असतं. १९८५ मध्ये नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत लोकांना रोज टीव्ही किती बघता हे विचारलं. एका गटाच्या पट्ट्या ‘अर्ध्या तासापर्यंत’पासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून जास्त’ला संपत होत्या. त्यात अडीच तासांवर बघणारे १६.२ टक्के निघाले. दुसऱ्या गटाच्या पट्ट्या ‘अडीच तासांपर्यंत’पासून सुरू होऊन ‘साडेचार तासांहून जास्त’पर्यंत जात होत्या. तिथे तेच प्रमाण ३७.५ टक्के झालं. मधली पट्टी म्हणजे ‘चारचौघांसारखं’ असं माणूस धरतो आणि स्वतःला तिच्या आसपास बसवतो. शक्य असेल तिथे पट्ट्या देऊच नका, आकडा लिहू द्या. द्यायच्याच असतील तर त्या एकमेकांत घुसू देऊ नका. ‘१ ते २ लाख’ आणि ‘२ ते ३ लाख’ अशा पट्ट्या असतील तर बरोबर २ लाखवाल्यानं कुठे जायचं?

वाचून उत्तर देताना वरचे पर्याय जास्त निवडले जातात, ऐकून देताना शेवटचे. गूगल फॉर्ममध्ये पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी आपोआप बदलायची सोय आहे. प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ती मिळेल. पुस्तकांच्या प्रकारांसारख्या यादीला ती जरूर वापरा. ‘रोज, आठवड्यातून, महिन्यातून’ अशा चढत्या-उतरत्या पर्यायांना मात्र कधीच नको, नाहीतर सगळी खिचडी होते.

‘लागू असतील त्या सर्वांवर खूण करा’ ही पद्धत फॉर्म करणाऱ्याला सोपी वाटते, पण लोक दोन-तीन खुणा करून पुढे सरकतात. स्मिथ, डिलमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वेब सर्व्हेत तुलना केली. प्रत्येक बाबीला वेगळं ‘हो/नाही’ विचारलं की लोक जास्त वेळ घेतात आणि जास्त बाबींना हो म्हणतात. पाच-सहाच बाबी असतील तर ‘हो/नाही’च ठेवा. शिवाय खूण नसलेल्या चौकटीचा अर्थ ‘नाही’ की ‘वाचलंच नाही’, हा घोळही राहत नाही.

सहमत-असहमत या मोजपट्टीचं मूळ रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ मधल्या कामात आहे. ती सगळीकडे दिसते आणि मला ती आवडत नाही. काहीही विचारलं तरी ‘सहमत’ म्हणण्याकडे कल असतो, त्यात आपल्याकडे भीड. ‘ग्रंथपाल पुस्तक शोधायला मदत करतात’ या वाक्याला असहमत कोण होणार? बाई रोज समोर दिसतात. आम्ही तो प्रश्न असा बदलला: ‘मागच्या खेपेला हवं ते पुस्तक मिळालं का?’ पर्याय होते: मिळालं, कुणीतरी नेलेलं होतं, वाचनालयात नव्हतंच, काही ठरवलेलं नव्हतं. यात मत नाही, घटना आहे. घटना सांगताना भीड पडत नाही.

‘माहीत नाही’ द्यावं का? माणसाला खरोखर माहीत नसू शकेल तिथे द्या. ई-पुस्तकं कधी न वाचलेल्या माणसाला त्यांच्या दर्जाबद्दल विचारायचंच असेल, तर ‘वापरली नाहीत’ ही वाट हवी. मतांच्या प्रश्नात मात्र ती आळशाची खुर्ची होते.

क्रम आणि सक्ती

पहिला प्रश्न सोपा, सगळ्यांना लागू होणारा आणि विषयाचाच असावा. नाव आणि मोबाइल नंबर पहिल्याच पानावर मागितला की अर्धे लोक सावध होतात, आणि पुढची उत्तरं सावध माणसाची येतात. उत्पन्न, जात, आजार असलं काही विचारायची खरंच गरज असेल तर शेवटी विचारा, का हवं ते एका ओळीत सांगा आणि ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा. पगार विचारताना ‘हातात पडणारा’ की ‘एकूण’ हे लिहा. फोन नंबर नको असेल तर मागूच नका. व्यक्तिगत माहितीबाबतचा २०२३ चा कायदा आला आहेच, पण साधं सौजन्यही तेच सांगतं.

आधीचा प्रश्न पुढच्यावर सावली टाकतो. ‘गेल्या वर्षी किती पुस्तकं फाटलेली मिळाली?’ याच्या लगेच खाली ‘एकूण वाचनालय कसं वाटतं?’ विचारलं की फाटक्या पानांचाच राग उतरेल. एकूण मत आधी, तपशील नंतर.

सक्तीची खूण असलेला लाल तारा दोन-तीनच प्रश्नांना ठेवा. मोकळ्या उत्तराला कधीच नको. ते टिंब आठवा.

फोनवर उघडून बघा

फॉर्म संगणकावर बनतो आणि फोनवर भरला जातो. प्रश्न उभे आणि पर्याय आडवे मांडणारा तक्ता मोठ्या पडद्यावर सुबक दिसतो. फोनवर त्याचे उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर जातात आणि ते सरकवून बघायचे असतात हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. आमच्या पहिल्या शीटमध्ये ‘खूप वाईट’ जवळजवळ कुणीच का निवडलं नव्हतं, याचं एक कारण इथे सापडलं: तो रकाना फोनवर दिसतच नव्हता. तक्ता मोडून प्रश्न सुटे केले. सुटे प्रश्न एका रांगेत सारखंच बोट मारत जाण्यालाही थोडा आळा घालतात.

मोकळ्या उत्तराची चौकट मोठी दिली की लोक जास्त लिहितात, हे अभ्यासांतून दिसलं आहे. गूगल फॉर्ममध्ये लहान उत्तराऐवजी परिच्छेदाचा प्रकार निवडा. आणि शेवटी ‘सूचना’ असं मोघम न विचारता ‘एकच गोष्ट बदलायची तर कोणती?’ असं विचारा. गावाचं नाव मात्र लिहायला लावू नका, यादी द्या. नाहीतर शीटमध्ये पुणे, पूणे, पुना आणि रोमन लिपीतले चार अवतार वेगवेगळे मोजले जातील.

पाच जणांसमोर बसा

लिंक सोडण्याआधी वेगवेगळ्या वयाचे पाच जण गाठा. त्यांच्या स्वतःच्या फोनवर फॉर्म भरायला द्या आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा. तुम्ही गप्प बसायचं. समजावून सांगायचा मोह होईल, होऊ द्या, पण बोलायचं नाही. जिथे माणूस प्रश्न दुसऱ्यांदा वाचतो तिथे खूण करा. नंतर विचारा, ‘या प्रश्नाचा अर्थ तुम्ही काय घेतलात?’ आमच्याकडे एका आजोबांनी ‘डिजिटल सुविधा’ म्हणजे वाचनालयातलं भिंतीवरचं घड्याळ असा अर्थ घेतला. त्या आठवड्यात ते बंद पडलेलं होतं, म्हणून त्यांनी ‘असमाधानी’ निवडलं. उत्तर प्रामाणिक, प्रश्न वाईट.

घड्याळ लावून वेळही मोजा. सर्वांत सावकाश भरणाऱ्याला लागलेली वेळ फॉर्मच्या सुरुवातीच्या निवेदनात लिहा, तुम्हाला स्वतःला लागलेली नव्हे.

आलेली उत्तरं चाळताना

मूळ शीटची प्रत आधी बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही. काम दुसऱ्या प्रतीत. सगळीकडे एकच पर्याय असलेल्या ओळी, एकाच मिनिटात आलेल्या तंतोतंत सारख्या ओळी, वयापेक्षा जास्त वर्षांचं सभासदत्व, अशा गोष्टींना रंग द्या. गूगल फॉर्म फक्त पाठवल्याची वेळ नोंदवतो, भरायला किती वेळ लागला हे त्यात दिसत नाही. ती नोंद हवीच असेल तर लाइमसर्व्हेसारखं साधन घ्यावं लागेल.

एका खात्यातून एकच उत्तर अशी अट घालता येते, पण मग गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं. एकच फोन तीन जण वापरतात अशा घरांतली दोन उत्तरं त्यात जातात. वाचनालयासाठी आम्ही ती अट घातली नाही. बक्षीस ठेवलं असतं तर घातली असती.

‘या ओळीत क्वचित निवडा’ अशी लक्ष तपासणारी ओळ टाकण्याची पद्धत आहे. मोठ्या, पैसे देऊन केलेल्या सर्व्हेत ती उपयोगी पडते. ओळखीच्या लोकांत टाकाल तर निवृत्त मुख्याध्यापक फोन करून विचारतील, ‘आमची परीक्षा घेताय का?’ कोणती ओळ वगळायची याचे नियम उत्तरं बघण्याआधी लिहून ठेवा. नाहीतर नकोशी वाटणारी उत्तरंच नेमकी ‘निष्काळजी’ दिसू लागतात.

सुधारलेल्या फॉर्मच्या दुसऱ्या फेरीत आणि गळालेल्यांना केलेल्या फोनांमध्ये सारखी एकच गोष्ट वर आली. वाचनालय साडेसहाला बंद होत होतं, आणि नोकरीवरून परतणारी माणसं गावात पोचत होती सातच्या गाडीनं. पहिल्या फॉर्ममध्ये वेळेबद्दल प्रश्न होता, एकोणतिसावा, त्या तक्त्यातला, आणि त्यालाही बहुतेकांनी दुसऱ्या क्रमांकाचाच पर्याय दिला होता. निकाल सूचनाफलकावर लावताना प्रत्येक आकड्याखाली प्रश्न शब्दशः छापला आणि किती जणांनी उत्तर दिलं तेही. शेजारी वेळेचा नवा कागद डकवला: संध्याकाळी साडेचार ते साडेआठ.